कमरेला लहान चाकू बाळगायचा असेल तर: खान्देशातल्या नवख्यांसाठी

शेतीत नव्यानं उतरलेली, ठिबकच्या कामावर लागलेली, केळीच्या गाड्या भरायला जाणारी पोरं कामासाठी चाकू सुचवा म्हणून विचारतात. बरेच जण आधी मोबाइलवर एखादा फोटो दाखवतात. काळं पातं, पाठीला करवतीसारखे दात, मुठीला गुंडाळलेली दोरी. असला चाकू लॅटरल (ठिबकची बारीक नळी) कापायला अडचणीचा आणि धार लावायला त्रासाचा. नाकाबंदीत सापडला तर तो शेतीकामाचा आहे हे कुणाला पटवून देता येत नाही. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवतो आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत उपयोगी पडेल, पण माझी उदाहरणं जास्त करून रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातली असतील.

इथे चाकू म्हणजे न मिटणारा, अखंड पात्याचा, म्यानात राहणारा लहान चाकू. घडीचा चाकू खिशात बरा वाटतो, पण त्याच्या सांध्यात केळीचा चीक आणि काळी माती जाऊन बसते आणि चार दिवसांत तो उघडेनासा होतो. जोर दिल्यावर मिटून बोटावर येतो तो वेगळाच. अखंड चाकू पाण्याखाली धरला, पुसला, की झालं.

लागणाऱ्या वस्तू: चाकू, त्याला घट्ट बसणारं म्यान, रुंद पट्टा, दोन बाजूंचा धारेचा दगड, खोबरेल तेलाची लहान बाटली, एक जुनं सुती फडकं, जखमेवर बांधायला स्वच्छ पट्टी.

लागणारे कागद: आधार किंवा कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र, चाकूचं बिल, शेतकरी असाल तर सातबाऱ्याची प्रत (मोबाइलमध्ये असली तरी चालेल). हे कागद म्हणजे परवाना नव्हे. कुणी विचारलं तर तुम्ही कोण, कुठल्या कामावर निघालात आणि ही वस्तू कुठून घेतली, एवढं चटकन दाखवता येतं.

१. आधी चाकूला काम काय, ते ठरवा

गावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला चाकूबद्दल विचारा, तो पहिल्यांदा म्हणेल, "तुले कसाले पाहिजे रे भो?" याचं उत्तर तयार नसेल तर चाकू घेऊ नका. उत्तरावरच पात्याची लांबी, पोलाद, म्यान आणि कायद्यातली तुमची बाजू, सगळं अवलंबून आहे.

लहान चाकूची खरी कामं अशी: १६ मिमीची लॅटरल कापणं, खताच्या पोत्याची शिवण उसवणं, सुतळी आणि प्लास्टिकची दोरी तोडणं, घडावर चढवायच्या पिशवीची बांधणी सोडवणं, केळीचं कमळ (केळफूल) खुडणं, खोक्यांच्या पट्ट्या कापणं, रोपांच्या पिशव्या चिरणं. घड उतरवणं, पानं कापणं, पील (बुंध्याशी फुटणारे कोंब) काढणं ही कोयत्या-विळ्याची कामं आहेत. लहान चाकूनं ती करू गेलात तर मनगट दुखेल आणि पातं वाकेल.

तुमचं काम जळगावच्या एखाद्या कार्यालयात असेल आणि दिवसातून एखादं पार्सल उघडण्यापुरतीच गरज असेल, तर टेबलाच्या खणातला कागद कापायचा कटर पुरतो. कमरेला काही लावायची गरज नाही.

"संरक्षणासाठी जवळ असावा" हे कारण तर डोक्यातून काढूनच टाका. हाणामारीत चाकू निघाला की साधं भांडण जिवावर बेततं, आणि ज्याच्याकडे चाकू असतो त्याचाही हात कापतोच. शिवाय संरक्षण हा शब्द तुमच्या तोंडून निघाला की ती वस्तू अवजार आहे हे पटवणं अवघड होतं. कायदा काय म्हणतो, ते पुढच्या टप्प्यात.

२. कायदा नीट समजून घ्या

हा टप्पा लोक वगळतात. तुम्ही वगळू नका, सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

पहिला कायदा शस्त्र अधिनियम १९५९. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र, अशी त्याची व्याख्या आहे. धारदार वस्तू त्यात येतात. पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे वस्तू कशासाठी बनली आहे याला इथे महत्त्व आहे. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत आकारही दिला आहे: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू, सुरे, तलवारी वगैरे, आणि तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठीच्या वस्तू वगळून. आपला तीन-चार इंची चाकू या मापाच्या खूप आत राहतो.

इथवर वाचून पुष्कळ जण निर्धास्त होतात. खरा खड्डा पुढे आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. वर्तमानपत्रात "कलम ३७(१)(३) लागू" अशी छोटी बातमी येते, तीच ही. सण, निवडणूक, मोर्चे यांच्या काळात असे आदेश निघतात. साधारण पंधरवड्याचे असतात आणि पुष्कळदा एकामागून एक निघत राहतात. या काळात सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कुठलीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगायला बंदी असते. इथे पात्याचं माप कुणी विचारत नाही. नऊ इंचांच्या आत आहे म्हणून सुटका नाही, आणि शेतीचा आहे एवढं म्हणूनही भागेल असं धरून चालू नका. आदेश मोडला तर कलम १३५ खाली १ वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. न्यायालयानं खास कारण नोंदवलं नाही तर कैद ४ महिन्यांपेक्षा कमी नसते.

मग करायचं काय? गणपती, नवरात्र, निवडणूक, मोठी यात्रा जवळ आली की आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन सरळ विचारा, "सध्या ३७ चा आदेश आहे का?" यात लाजण्यासारखं काही नाही. आदेश असेल तर चाकू शेतातल्या खोलीत, अवजारांच्या पेटीत ठेवा. तिथेच काढा, तिथेच ठेवा, रस्त्यावर आणू नका. धुळ्याची एकवीरादेवीची यात्रा, अमळनेरचा सखाराम महाराजांचा उत्सव, सारंगखेड्याची दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा अशा गर्दीत तर आदेश असो-नसो, चाकू नेऊच नका.

दुसरा खड्डा जंगलाचा. पाटणादेवीला सहलीला जाताना खिशात किंवा कमरेला चाकू घेऊन जाणारे पुष्कळ आहेत. पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. सातपुड्यात यावल अभयारण्य आहे, शिरपूरकडे अनेर धरणाचं अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत चाकूचं नाव स्पष्ट आहे. इथे तो फळं कापायला आणलाय हे सांगून उपयोग होत नाही. जंगलात जाणार असाल तर फळं घरून चिरून डब्यात न्या.

आणखी थोडं, पटापट सांगतो. न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, मतदान केंद्र, परीक्षा केंद्र, शाळा, रुग्णालय इथे चाकू जाणार नाही याची काळजी तुमची तुम्ही घ्या. जळगावच्या विमानतळावरून जाणार असाल तर हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, सामानात द्यायच्या बॅगेत म्यानासकट गुंडाळून ठेवा. केळीच्या गाडीबरोबर दिल्लीपर्यंत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे बटणाच्या, खटक्याच्या चाकूंसाठी १९८० पासून वेगळी अधिसूचना आहे आणि तिच्यातलं माप बरंच लहान आहे, पात्याची लांबी ७.६२ सेंमी. खटक्याचा चाकू मुळात घेऊच नका.

चाकू हातात धरून काढलेला फोटो स्टेटसला ठेवू नका. तलवारीनं केक कापला, कोयता घेऊन व्हिडिओ टाकला म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपल्याकडे नेहमी येतात.

३. पातं, पोलाद आणि मूठ

पातं तीन ते चार इंच, म्हणजे ७५ ते १०० मिमी. जाडी दोन ते अडीच मिमी. नवखा माणूस हटकून जाड पातं निवडतो, मजबूत वाटतं म्हणून. जाड पातं कापत नाही, फाडतं. लॅटरलवर दाबलं की नळी चेपते, काप वाकडा येतो, आणि वाकड्या कापावर जोडणी बसवली की पाणी गळतं.

पाठ टोकाकडे हळूहळू खाली उतरून धारेला मिळते, असं पातं घ्या. दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं घेऊ नका. ते खंजीराचं रूप आहे. कामात अंगठा ठेवायला पाठ मिळत नाही, आणि बघणाऱ्याला ते शस्त्रच दिसतं. पाठीवरचे करवतीचे दातही नकोत.

पोलादाचे सोयीसाठी दोनच प्रकार धरा. साधं कार्बनचं पोलाद छान धार घेतं, लवकर धार लागते, पण गंजतं. स्टेनलेस गंजाला टिकतं, धार लावायला थोडा जास्त वेळ घेतं. माझं मत विचाराल तर: खत, फवारणी आणि पाण्यात रोज हात असेल तर स्टेनलेस. पोटॅश म्हणजे क्षारच. त्याचं पोतं उसवून चाकू तसाच म्यानात घातला तर कार्बनच्या पात्यावर सकाळपर्यंत तांबूस ठिपके दिसतात. काम कोरडं असेल, कापूस, बारदान, दोरी असं, तर कार्बनचा घ्या आणि तेल लावत राहा. केळीच्या चिकानं कार्बनचं पातं काळंनिळं पडतं. तो गंज नव्हे. घासून काढू नका, तो थर उलट गंजाला थोडा आवर घालतो.

मुठीकडे मात्र निवांत बघा. पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेलं असावं आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या रिव्हेटनं बसवलेल्या असाव्यात. मूठ चारही बोटं मावतील एवढी लांब हवी. पुढे, पातं सुरू होतं तिथे, बोट घसरून धारेवर जाणार नाही असा लहानसा उंचवटा हवा. चिकानं माखलेल्या हातात गुळगुळीत पॉलिशची मूठ साबणासारखी निसटते. शिसमाची किंवा बाभळीची, हलकी खडबडीत ठेवलेली मूठ चांगली. रबरी मूठही चालते. रंग भडक असेल तर उत्तमच, पालापाचोळ्यात पडला तरी सापडतो. केशरी मुठीचा चाकू लांबूनही अवजार दिसतो, हाही एक फायदा.

४. लोहाराकडून करून घेताना

तयार मिळतो, पण आपल्याकडे अजून लोहाराकडून करून घेण्याची सोय आहे. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी बसणारे असतात, गाडीलोहारांची पालंही पडतात. माप कागदावर काढून द्या. तोंडी "लहान चाकू" सांगितलं तर कोयत्याचं धाकटं भावंड हातात येतं.

लोखंड कुठलं वापरणार ते विचारा. ट्रकच्या कमानीचा पाटा कोयत्याला नामी आहे. चाकूसाठी तो बराच ठोकून पातळ करावा लागतो, आणि तेवढी मेहनत घ्यायला लोहार तयार हवा. बांधकामाच्या सळईचा चाकू करून घेऊ नका, बहुतेक सळयांमध्ये पाणी (म्हणजे पोलादाचा कडकपणा) नीट धरण्याइतका कार्बनच नसतो.

पाणी देणं हेच लोहाराचं खरं कसब. लाल पातं तेलात किंवा पाण्यात विझवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून मागाहून त्याला हलकी आच देऊन ठिसूळपणा काढतात. ही दुसरी आच देताना पात्यावर रंग उमटतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. चाकूच्या धारेला पिवळ्याच्या आसपास थांबायला हवं. निळ्यापर्यंत गेलं तर धार मऊ पडते.

चाकू हातात आला की परीक्षा सोपी आहे. चांगली कानस धारेवरून हलकीच फिरवा. घसरून गेली तर पाणी बसलंय. कानस चावून लोखंडाचा भुगा निघाला तर परत द्या. आणि बिल किंवा साध्या कागदावरची पावती मागून घ्या. वस्तू, तारीख, "शेतीकामासाठी" एवढं लिहिलं तरी पुरे.

५. म्यान: पीव्हीसी पाइपचं, घरी करता येतं

चाकू कितीही चांगला असो, म्यान सैल असेल तर तो बाळगू नका. वाकल्यावर बाहेर पडणारा चाकू स्वतःच्या मांडीत किंवा शेजारच्याच्या पायावर जातो. बाजारात चाकूबरोबर येणारी कापडी म्यानं बहुतेक टाकाऊ असतात, पंधरा दिवसांत टोक आरपार निघतं. चामड्याचं म्यान सुंदर दिसतं, हाताशी चांगला कारागीर असेल तर शिवून घ्या. पण पावसाळ्यात ते ओल धरतं आणि ओल्या चामड्यात ठेवलेलं पातं गंजतं.

आपल्या भागात पीव्हीसी पाइपचे तुकडे प्रत्येक खळ्यात पडलेले असतात. त्याचं म्यान सगळ्यात टिकाऊ होतं. कृती अशी:

४० मिमी पाइपचा तुकडा घ्या, लांबी पात्याहून सात-आठ सेंमी जास्त. एक इंच रुंदीच्या पात्याला हा पाइप चपटा केल्यावर पुरेसा होतो.

पात्याच्या धारेवर पुठ्ठ्याची पट्टी दुमडून बसवा आणि सगळ्या पात्याला मास्किंग टेपचे दोन थर द्या. म्यानात पात्याला थोडी मोकळीक राहावी म्हणून हे करायचं. टेप न लावता केलंत तर चाकू अडकून बसेल आणि पाण्याचा थेंब आत कोंडेल.

पाइप मऊ करायला मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी घ्या. पातेलं जुनं, स्वयंपाकातून काढलेलं असावं. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, त्यामुळे उकळतं पाणी पातळ पाइपला पुरतं. आपल्याकडे पाइप जोडताना टोक सरळ जाळावर धरायची सवय आहे. इथे तसं करू नका. पाइप करपला की आम्लाचा झोंबरा धूर निघतो, तो छातीत जातो, आणि करपलेला भाग नंतर तडकतो.

जाड हातमोजे घाला. पाइप रबरासारखा लवायला लागला की चिमट्यानं काढा, पाणी झटका, चाकू आत सरकवा. मुठीचाही दोन-तीन सेंमी भाग आत गेला पाहिजे, कारण पकड मुठीवर बसते, पात्यावर नाही. लगेच दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून वरून उभं राहा. मुठीजवळचा भाग अंगठ्यांनी दाबून घ्या, मुठीचा उंचवटा पाइपमध्ये उमटला पाहिजे. थंड होईपर्यंत हलवू नका. मग चाकू ओढून काढा, टेप सोडवा, परत घाला. आत जाताना शेवटी "खट्" असा आवाज आला तर जमलं. नाही जमलं तर पाइप पुन्हा उकळत्या पाण्यात टाका, तो बऱ्याच अंशी मूळ आकारावर येतो आणि परत करता येतं.

शेवटी टोकाशी एक भोक पाडा, पाणी निथळायला. कडेला दोन-दोन भोकं पाडून पट्ट्यासाठी चामड्याची किंवा नायलॉनची फीत ओवा. कडा सँडपेपरनं घासा.

तपासणी: चाकू म्यानात घालून म्यान उलटं धरा आणि गादीवर जोरानं झटका. पडता कामा नये.

६. अडकवायचा कुठे

शेतात उजव्या हाताच्या माणसानं उजव्या कमरेला, जरा मागच्या बाजूला. अगदी पुढे लावलात तर खाली बसताना टोक जांघेत रुततं. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी पट्ट्याला आडवा, पोटाच्या डाव्या अंगाला लावून बघावा, सीटवर बसताना अडत नाही. गळ्यात दोरीनं लटकवू नका, ठिबकच्या व्हॉल्व्हवर वाकताना किंवा यंत्राजवळ दोरी अडकली तर गळा सापडतो.

मोटारसायकलवर कमरेला चाकू नको. घसरून पडलात तर म्यानाचं टोक बरगडीत जातं. शेतातून निघताना काढा, अवजारांच्या पिशवीत पान्हा-पकडीसोबत ठेवा आणि पिशवी डिकीत. गावात शिरताना, चहाच्या टपरीवर, बाजार समितीत तो कमरेला नसावा. शर्टाखाली लपवणं तर सगळ्यात वाईट. लपवलेली वस्तू सापडली की संशय येतोच. नाकाबंदीत विचारलं तर शांतपणे आधीच सांगा: "पिशवीत शेतीचा चाकू आहे, म्यानात आहे." स्वतःच्या हातानं उपसून दाखवू नका, पिशवी उघडून त्यांना बघू द्या.

७. धार

बोथट चाकू जास्त कापतो, हात! जोर लावावा लागतो आणि जोरात तो घसरतो. आठवड्याला दहा मिनिटं दिलीत तर पुरतं.

हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू जाड दाण्याची, एक बारीक. पाणी मारा. पातं दगडावर काटकोनात उभं धरा, मग अर्धं झुकवा, मग त्याचंही अर्धं. साधारण २२ अंश होतात, तोच कोन. दगड कापून पातळ चकती काढायची आहे अशा बेतानं धार पुढे ठेवून सरकवा. एका बाजूला घासत राहा. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं अंगठा आडवा फिरवला (धारेच्या दिशेनं कधीच नाही) तर बारीक खरखर लागते. ती मुठीपासून टोकापर्यंत लागली की बाजू बदला. नंतर बारीक दगडावर हलक्या हातानं, एकदा इकडून एकदा तिकडून. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलट दिशेनं ओढा, म्हणजे उरलेली खरखर जाते. वर्तमानपत्राचा कागद न अडकता चिरला की धार झाली.

सायकलवर शान घेऊन येणाऱ्याकडे देणार असाल तर जवळ उभे राहा. कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत धार लावली की पातं तापतं, धारेवर निळी झाक येते आणि पाणी उतरतं. त्याला दर एक-दोन फेऱ्यांनी पातं पाण्यात बुडवायला सांगा. एकदा पाणी उतरलेली धार दगडानं परत येत नाही, तेवढा भाग घासून काढावा लागतो.

८. चीक आणि गंज

केळीचा चीक वाळायच्या आत फडक्याला खोबरेल तेल लावून पुसा. वाळला तर थोडं रॉकेल. कपड्यावर पडलेला चीक जात नाही, म्हणून फडकं वेगळं ठेवा. म्यान आतून आठवड्याला एकदा पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात चाकू गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, लाकडी मूठ तडकते आणि पीव्हीसीचं म्यान सैल पडतं.

रोगट झाड कापलं असेल, कंद सडलेला असेल, तर पुढच्या झाडाला लावायच्या आधी पातं निर्जंतुक द्रावणात बुडवून पुसा. ब्लीचिंगचं द्रावण वापरलंत तर नंतर साध्या पाण्यानं धुऊन तेल लावा, ते पोलाद खातं.

फवारणीच्या औषधाच्या पुड्या ज्या चाकूनं फाडता त्यानं पेरू, काकडी, कांदा कापू नका. धुतला तरी नाही. शेतातल्या भरीत पार्टीसाठी घरून वेगळी सुरी न्या. हे मी जीव तोडून सांगतो, कारण हे करणारे प्रत्येक गावात आहेत.

खंडेनवमीला अवजारं पुसून पूजेला मांडतो, त्याच दिवशी रिव्हेट हलतात का, मुठीला चीर आहे का, म्यानाची फीत झिजली का, हे बघून घेण्याची सवय लावा.

९. हात कापू नये म्हणून, आणि कापलाच तर

सगळ्यात जास्त जखमा लॅटरल अंगठ्याकडे ओढून कापताना होतात. नळी मांडीवर घेऊन कापतानाही. नळी लाकडाच्या ओंडक्यावर टेकवा आणि काप अंगापासून दूर न्या. दुसऱ्याला चाकू देताना हातातून हातात देऊ नका, म्यानात घालून द्या किंवा खाली ठेवा, त्याला उचलू द्या. टोकानं स्क्रू फिरवणं, डबा उचकटणं बंद. पडणारा चाकू झेलायला हात घालू नका, पाय मागे घ्या. चाकू हातात घेऊन बांधावरून उडी मारू नका.

पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरमधली वायर चाकूनं सोलायची असेल तर आधी मेन स्विच बंद करून टेस्टरनं तपासा. मुठीतले रिव्हेट धातूचे असतात आणि ते थेट पात्याला जोडलेले असतात.

कापलंच तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबा आणि हात छातीच्या वर धरा. सलग दहा मिनिटं दाबून ठेवा, मधे उघडून बघू नका. हळद, माती, चुना, बिडीची राख काही भरू नका. दहा मिनिटांनीही रक्त थांबलं नाही, जखमेच्या कडा उघड्या राहिल्या, बोट वाकेना किंवा बधिर झालं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरळ मोठ्या दवाखान्यात जा, बोटाची शीर तुटलेली असू शकते. मातीतल्या कामाची जखम लहान असली तरी शेवटचं टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा. आठवत नसेल तर तसं सांगा, ते देतील.